फोटोग्राफीची असाइनमेंट: ब्रीफ हातात पडल्यापासून क्रिटिकपर्यंत

‘एकटेपणा’ या विषयावर आठ फोटोंची मालिका, मुदत चार आठवडे. असा ब्रीफ, म्हणजे असाइनमेंटची लेखी सूचना, मिळाला की बहुतेक नवे विद्यार्थी तीन आठवडे विचार करतात आणि शेवटच्या शनिवार-रविवारी धावपळ करून शूट उरकतात. त्यातून हाती येतं ते पहिलं शूट. पहिल्या शूटमधून मुख्यतः एकच गोष्ट कळते: आपल्याला नेमकं काय हवं होतं. मालिका खरी घडते ती दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत, आणि तोवर मुदत संपलेली असते. म्हणून खालच्या सगळ्या पायऱ्या एकाच हिशोबाने मांडल्या आहेत. परत जाऊन शूट करायला वेळ उरला पाहिजे.

ब्रीफ पेन्सिल घेऊन वाचा

ब्रीफमधली क्रियापदं अधोरेखित करा. ‘हालचाल दाखवा’ आणि ‘शटर स्पीडनुसार हालचाल कशी बदलते ते तपासा’ ही दोन वेगळी कामं आहेत. पहिल्यात एक प्रभावी फोटो चालेल. दुसऱ्यात एकाच विषयाची शिस्तीत घेतलेली मालिका लागते, आणि तिथे एकच सुंदर फोटो दिला तर गुण जातात. मग आकडे बघा: किती फोटो, कोणत्या आकाराचे, रंगीत की कृष्णधवल, फाइल की प्रिंट, सोबत किती शब्दांचं टिपण. शेवटी गुणांची विभागणी पाहा. अनेक ठिकाणी प्रक्रियेला, म्हणजे चाचण्या, कॉन्टॅक्ट शीट (सगळ्या फ्रेम छोट्या आकारात एकत्र दाखवणारं पान) आणि वर्कबुक (शूटच्या नोंदींची वही) यांना, वेगळे गुण असतात. ते शेवटच्या रात्री तयार करता येत नाहीत.

आता ब्रीफ स्वतःच्या शब्दांत एका वाक्यात लिहा आणि पहिल्याच आठवड्यात शिक्षकांना दाखवा. गैरसमज असेल तर तो इथेच निघतो.

अमूर्त विषय आला की गाडी अडते. ‘एकटेपणा’चा फोटो काढता येत नाही, कॅमेऱ्याला वस्तू, जागा, माणसं आणि प्रकाश दिसतो. रिकाम्या बाकावर पाठमोरा बसलेला माणूस आणि सूर्यास्तासमोरची काळी आकृती या कल्पना सगळ्यांनाच आधी सुचतात, त्यामुळे त्या वहीत लिहून टाका आणि पुढे चला. कल्पना शोधण्यापेक्षा नियम शोधणं जास्त उपयोगी पडतं. ‘एकाच खोलीत, एकाच जागेवरून, दिवसाच्या आठ वेगळ्या वेळा’ हा नियम झाला. ‘दोघांसाठी असलेल्या जागा, जिथे एकच जण वावरतो’ हाही नियम झाला. नियम ठरला की उद्या सकाळी कुठे उभं राहायचं ते कळतं. तो काम करत नसेल तर तेही दोन दिवसांत कळतं.

वेळापत्रक शेवटाकडून मांडा

चार आठवड्यांची मुदत असेल तर २८व्या दिवसापासून मागे या. शेवटचे तीन-चार दिवस प्रिंट आणि टिपणासाठी. त्याआधीचे तीन दिवस निवड आणि क्रम यांसाठी. १५ ते २१ या दिवसांत दुसरी आणि तिसरी फेरी. १२ ते १४ या काळात पहिल्या शूटची कॉन्टॅक्ट शीट कुणाला तरी दाखवणं. म्हणजे पहिलं शूट दहाव्या दिवसाच्या आत व्हायलाच हवं, कल्पना अर्धवट वाटत असली तरीही. इथे सवलत घेतली की पुढचं सगळं कोसळतं. विषय निवडतानाही हाच निकष लावा: त्या जागी किंवा त्या माणसाकडे किमान चार वेळा जाता येईल का? येत नसेल तर विषय कितीही आकर्षक असला तरी या असाइनमेंटसाठी तो नको.

तांत्रिक असाइनमेंट: एका वेळी एकच गोष्ट बदला

सुरुवातीच्या असाइनमेंट अपर्चर (लेन्सचं छिद्र, एफचा आकडा जितका मोठा तितकं ते लहान), शटर स्पीड (प्रकाश किती वेळ आत येतो) आणि आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशाला संवेदनशीलता) यांच्या असतात. त्या सोप्या समजून उरकल्या जातात आणि नेमक्या तिथेच फसतात. कारण एकच: दोन गोष्टी एकदम बदललेल्या असतात.

शटर स्पीडची मालिका घ्या. वाहतं पाणी १/१००० सेकंदाला थेंब-थेंब गोठतं आणि १ सेकंदाला धुरासारखं पसरतं. या दोहोंमध्ये १० स्टॉपचं अंतर आहे (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा). आयएसओ १६०० वरून १०० वर आणलात तर ४ स्टॉप मिळतात, उरले ६. एफ २.८ वरून एफ २२ पर्यंत गेलात तर ते ६ स्टॉपही भरून निघतात आणि एक्सपोजर, म्हणजे फोटोचा एकूण उजेड, बरोबर येतं. पण मालिका शेजारी-शेजारी लावली की पहिल्या फोटोत मागचे दगड धूसर आणि शेवटच्या फोटोत अगदी स्पष्ट दिसतात. मग पाहणाऱ्याला कळत नाही की फरक शटरचा आहे की अपर्चरचा. त्यामुळे अपर्चर एफ ५.६ वर बांधून ठेवा. दाट ढगाळ दिवशी १/१००० आणि आयएसओ १६०० ने सुरू करा. शटर १/६० पर्यंत उतरवताना तितकाच आयएसओ १०० पर्यंत खाली आणा. त्यापुढे ६ स्टॉपचा एनडी फिल्टर (प्रकाश कमी करणारी गडद काच) लावा, म्हणजे एफ ५.६ न हलवता १ सेकंदापर्यंत पोचता. फिल्टर लावायच्या आधी फोकस करून तो मॅन्युअलवर टाका, कारण गडद काचेतून ऑटोफोकस भरकटतो. फिरवून गडद करायचा व्हेरिएबल एनडी असेल तर वाइड लेन्सवर तो टोकापर्यंत फिरवू नका. फ्रेमवर फुलीच्या आकाराचा काळा डाग उमटतो. आयएसओ बदलल्याने नॉइजमध्ये, म्हणजे फोटोतल्या दाण्यांमध्ये, थोडा फरक पडेल. तो लपवू नका, वर्कबुकमध्ये तशी नोंद करा.

डेप्थ ऑफ फील्डच्या, म्हणजे पुढे-मागे किती भाग स्पष्ट दिसतो त्याच्या, मालिकेत वेगळी चूक होते. वस्तू भिंतीला टेकवून ठेवली जाते, मग एफ २ आणि एफ १६ या दोन्ही फोटोंत फरकच दिसत नाही. ५० एमएम लेन्स असेल तर वस्तू कॅमेऱ्यापासून दीड मीटरवर आणि मागची गोष्ट वस्तूच्या मागे किमान तीन मीटरवर ठेवा. एफ २ ला १/५०० सेकंद मिळत असेल तर त्याच आयएसओला एफ १६ ला १/८ सेकंद येतो, म्हणून ट्रायपॉड हवाच. बटण दाबतानाचा हादरा टाळायला २ सेकंदांचा टायमर लावा. जुन्या लेन्सचं इमेज स्टॅबिलायझेशन ट्रायपॉडवर बंद करा. नसलेला हादरा दुरुस्त करण्याच्या नादात ते स्वतःच चित्र हलवतं. वस्तू अजिबात न हलणारी निवडा, नाहीतर १/८ ला हललेलं पान ‘फोकस चुकला’ म्हणून वाचलं जातं. एफ १६-२२ ला सगळं किंचित मऊ दिसलं तर तो फोकसचा दोष नाही. अपर्चरचं छिद्र लहान झालं की प्रकाश कडांवरून पसरतो, यालाच डिफ्रॅक्शन म्हणतात. छोट्या सेन्सरवर ते लवकर जाणवतं.

मीटरबद्दल, म्हणजे कॅमेऱ्यातल्या प्रकाशमापकाबद्दल, एक गोष्ट पक्की समजून घ्या. कॅमेरा समोर जे असेल ते मध्यम राखाडी धरून चालतो. पांढरी भिंत फ्रेमभर असेल तर ती राखाडी येते, तिथे एक्सपोजर कॉम्पेन्सेशन (उजेड हाताने वाढवणं-घटवणं) +१ ते +१.७ लागतं. काळं कापड असेल तर तेही राखाडी येतं, तिथे -१ च्या आसपास उतरावं लागतं. कॅमेऱ्याच्या स्क्रीनच्या उजेडावर विश्वास ठेवू नका. उन्हात ती अंधारी आणि खोलीत भडक वाटते. हिस्टोग्राम बघा, म्हणजे डावीकडे काळ्यापासून उजवीकडे पांढऱ्यापर्यंतचा उजेडाचा आलेख. उजव्या भिंतीला चिकटून उंच उभी रेघ दिसली तर तिथला तपशील कायमचा गेला आहे.

पॅनिंगच्या, म्हणजे हलत्या विषयासोबत कॅमेरा फिरवत फोटो घेण्याच्या, असाइनमेंटला १/३० ने सुरुवात करा, जमलं की १/१५ ला या. कमरेतून वळा, बटण दाबल्यावरही वळणं थांबवू नका. पन्नासात चार चांगले आले तरी हे शूट यशस्वी समजावं.

प्रकाश

अभ्यासक्रमात सर्वाधिक वेळ द्यायचा असेल तर तो इथे द्या. कॅमेरा बदलून फोटोत जेवढा फरक पडतो, त्याहून कितीतरी जास्त फरक माणसाला खिडकीपासून एक पाऊल मागे घेतल्याने पडतो.

खिडकीच्या प्रकाशातलं पोर्ट्रेट ही सगळीकडे दिली जाणारी असाइनमेंट आहे. थेट ऊन न येणारी खिडकी निवडा आणि खोलीतले सगळे दिवे बंद करा. हे विसरलं की चेहऱ्याची एक बाजू निळसर आणि दुसरी पिवळी येते: दिवसाचा प्रकाश साधारण ५५०० केल्विनचा असतो, घरातला पिवळा दिवा २७०० च्या आसपास, आणि एका व्हाइट बॅलन्सने, म्हणजे प्रकाशाच्या रंगाला जुळवणाऱ्या सेटिंगने, दोन्ही बरोबर करता येत नाहीत. माणसाला खिडकीच्या मधोमध न बसवता थोडं मागे, खिडकीच्या कॅमेऱ्यापासून दूरच्या कडेजवळ बसवा आणि चेहरा हळूहळू खिडकीकडे वळवायला सांगा. सावलीतल्या गालावर डोळ्याखाली प्रकाशाचा छोटा त्रिकोण उमटला की थांबा. आता सावलीच्या बाजूला अर्ध्या मीटरवर पांढरा फोम बोर्ड धरा आणि एक फोटो घ्या. मग त्याच जागी काळं कार्ड धरून दुसरा. तिसरा काहीच न धरता. हे तीन फोटो शेजारी ठेवले की सावली किती गडद हवी हा आपला निर्णय असतो, हे पुस्तक न वाचता समजतं.

अंतराचा नियम इथेच शिकून घ्या. उघड्या बल्बपासून किंवा फ्लॅशपासून अंतर दुप्पट झालं की प्रकाश चौथाई होतो, म्हणजे २ स्टॉप कमी. १ मीटरवरून १.४ मीटरवर गेलात तर १ स्टॉप कमी. मोठ्या खिडकीच्या जवळ तो इतक्या वेगाने पडत नाही, कारण खिडकी हा बिंदू नसून पसरलेला स्रोत आहे. तरीही जवळ बसवलेल्या माणसामागची भिंत काळोखात जाते आणि दूर बसवलेल्या माणसामागची उजळ राहते. पार्श्वभूमी गडद हवी असेल तर काळा पडदा शोधत बसू नका. माणूस खिडकीजवळ घ्या, भिंत दूर ठेवा.

एलईडी किंवा ट्यूबच्या प्रकाशात फोटोवर आडवे पट्टे आले तर कॅमेरा बिघडलेला नाही. ५० हर्ट्झच्या वीजपुरवठ्यावर असे दिवे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात आणि वेगवान शटर त्यातला एक तुकडाच पकडतं. १/१०० किंवा १/५० ठेवा. ६० हर्ट्झ असेल तिथे १/१२५ किंवा १/६०. इलेक्ट्रॉनिक शटर बंद करून मेकॅनिकल लावलं तरी पट्टे बरेच कमी होतात.

स्टुडिओत फ्लॅश लावल्यावर फ्रेमचा एक भाग काळा आला तर शटर सिंक स्पीडच्या, म्हणजे फ्लॅशशी जुळणाऱ्या कमाल वेगाच्या, वर गेलं आहे. बहुतेक कॅमेऱ्यांत ही मर्यादा १/१६० ते १/२५० च्या दरम्यान असते. त्याहून वेगवान शटरमध्ये दोन पडद्यांमधली फट सेन्सरपेक्षा अरुंद असते आणि फ्लॅशचा क्षण पडद्याआड जातो. एक सूत्र लक्षात ठेवा: फ्लॅश आणि आजूबाजूचा प्रकाश एकत्र वापरताना शटर फक्त आजूबाजूच्या प्रकाशावर चालतं, अपर्चर दोहोंवर. मागची खोली उजळायची असेल तर अपर्चरला हात न लावता शटर हळू करा.

काचेची वस्तू हा स्टिल लाइफमधला, म्हणजे निर्जीव वस्तूंच्या फोटोंमधला, खरा कस आहे. काच स्वतः दिसत नाही, तिच्यात जे दिसतं तेच आपल्याला दिसतं. म्हणून तिच्यावर दिवा मारला की नुसते चट्टे येतात. दिवा काचेमागच्या पांढऱ्या पृष्ठभागावर टाका, काचेवर नाही. हा उजळ भाग फ्रेमपेक्षा अगदी थोडाच मोठा असू द्या. दोन्ही बाजूंना, फ्रेमच्या जेमतेम बाहेर, काळी कार्डं उभी करा. काचेच्या कडांमध्ये ती उतरतात आणि वस्तूला काळी स्पष्ट बाह्यरेषा मिळते. पांढरा पृष्ठभाग फार मोठा झाला की त्याचा प्रकाश कडांवरून आत वळतो आणि बाह्यरेषा नाहीशी होते, हीच नेहमीची चूक. वस्तू धुवून, पुसून, हातमोजे घालून ठेवा. बोटांचे ठसे संगणकावर पुसण्यात जाणारे तास इथल्या पाच मिनिटांत वाचतात.

मालिका: सारखेपणा कशासाठी

एकाच प्रकारच्या वस्तूंची मालिका, म्हणजे टायपॉलॉजी, ही जवळजवळ प्रत्येक अभ्यासक्रमात येते. बर्न्ड आणि हिला बेशर या जर्मन दांपत्याने १९५९ पासून अनेक दशकं पाण्याच्या टाक्या, खाणींचे मनोरे, भट्ट्या यांचे फोटो याच पद्धतीने काढले. ढगाळ आभाळ, समोरून, मोठ्या फॉरमॅटच्या कॅमेऱ्याने, आणि मग जाळीसारखी मांडणी. त्यामागचा तर्क साधा आहे. कॅमेऱ्याने केलेले फरक शून्यावर आले तरच वस्तूंमधले फरक डोळ्यात भरतात.

म्हणून लेन्स एकच, अंतर एकच, कॅमेऱ्याची उंची एकच. अंतर पावलांनी मोजू नका, दोरीला गाठ बांधून घ्या. अपर्चर एफ ८. व्हाइट बॅलन्स ऑटोवर ठेवू नका, ‘डेलाइट’वर किंवा ठरावीक केल्विनवर बांधा, ऑटोवर ठेवलं की बारा फोटोंत बारा प्रकारचं आभाळ येतं. कॅमेऱ्यातली लेव्हलची रेषा चालू करा. चारही बाजूंना थोडी जागा सोडा, कारण उभ्या रेषा सरळ करताना कडा कापल्या जातात. किमान बारा फोटो हवे असतील तर वीस काढा. आठव्या-नवव्या फोटोला लक्षात येतं की पहिले दोन चुकीच्या अंतरावरून घेतले होते. परत जायचा वेळ इथे कामी येतो.

‘एकाच लेन्सने महिनाभर’ ही असाइनमेंटही याच शिस्तीची. फ्रेंच छायाचित्रकार ऑन्री कार्तिये-ब्रेसाँ यांनी बहुतेक सगळं काम ५० एमएमने केलं. त्याचा अर्थ ती लेन्स श्रेष्ठ असा घेऊ नये. फ्रेममध्ये काय येणार ते कॅमेरा डोळ्याला लावण्याआधीच त्यांना ठाऊक होतं, हा त्याचा अर्थ. झूम लेन्स असेल तर ५० वर चिकटपट्टी लावून टाका. क्रॉप सेन्सर (फुल फ्रेमपेक्षा छोटा सेन्सर) असेल तर ३५ वर लावा.

माणसांवरची फोटो-कथा

विषय नामात लिहू नका, क्रियेत लिहा. ‘एक कारागीर’ या विषयाचा शेवट कुठे करायचा ते कळत नाही. ‘एक मोडलेली वस्तू दुरुस्त होऊन परत जाते’ याला सुरुवात, मध्य, अडचण आणि शेवट आपोआप मिळतो. जागेचं दूरचं दृश्य, कामाचं मधलं अंतर, हातांचा जवळचा फोटो, पोर्ट्रेट, दोन माणसांमधला क्षण असे वेगवेगळे फोटो हवेत हे खरं. नवे लोक मात्र दूरच्या आणि जवळच्या फोटोंनी कार्ड भरतात आणि मधलं अंतर रिकामं राहतं, कारण तिथेच माणसांच्या सर्वात जवळ उभं राहावं लागतं. पहिल्या फेरीची कॉन्टॅक्ट शीट पाहून नेमकी हीच उणीव मोजा आणि दुसऱ्या फेरीला फक्त तिच्यासाठी जा.

परवानगी आधी घ्या आणि फोटो कुठे दिसणार ते स्पष्ट सांगा: वर्गात, प्रदर्शनात की इंटरनेटवर. मुलांच्या बाबतीत पालकांची लेखी संमती घ्या. कुणी नंतर नको म्हटलं तर तो फोटो काढून टाका, मालिकेतला तो सर्वोत्तम असला तरी. फोटो दाखवायचं कबूल केलं असेल तर दाखवा. तिसऱ्या फेरीचं दार त्यामुळेच उघडं राहतं.

फाइली आधी सुरक्षित

शूट रॉ मध्ये, म्हणजे सेन्सरची सगळी माहिती ठेवणाऱ्या फाइलमध्ये, करा. जेपीईजीमध्ये प्रत्येक रंगाला ८ बिट म्हणजे २५६ पायऱ्या मिळतात, १४ बिट रॉ मध्ये १६,३८४. सावल्या उजळताना हा फरक दिसतो. घरी आल्यावर दोन वेगळ्या जागी प्रती झाल्याशिवाय कार्ड फॉरमॅट करू नका. शेवटी तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, त्यातली एक दुसऱ्या ठिकाणी, हा नियम पाळा. फोल्डरच्या नावात आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, मग असाइनमेंटचं नाव लिहिलं की सगळं आपोआप क्रमाने लागतं. कॅमेऱ्यावरच फोटो डिलीट करायची सवय सोडा. छोट्या स्क्रीनवर नको वाटलेली फ्रेमच पुष्कळदा मालिकेला जोडणारा दुवा ठरते, आणि प्रक्रियेच्या गुणांसाठी चुकलेल्या फ्रेमही दाखवाव्या लागतात.

निवड

छायाचित्रकार रॉबर्ट फ्रँक यांनी १९५०च्या दशकाच्या मध्याला अमेरिकाभर फिरून सत्तावीस हजारांच्या आसपास फ्रेम घेतल्या आणि ‘द अमेरिकन्स’ या पुस्तकात ८३ ठेवल्या. निवड हा फोटोग्राफीचाच भाग आहे आणि तिला शूटइतकाच वेळ लागतो.

शूटच्या दिवशी निवड करू नका. त्या दिवशीची मेहनत, उकाडा, मिळालेली परवानगी हे सगळं फोटोबाहेर असूनही आपल्याला फोटोत दिसतं. दोन दिवस जाऊ द्या. मग एका पानावर ३० ते ३६ फ्रेमची कॉन्टॅक्ट शीट काढा, घेतलेल्या क्रमानेच. पहिल्या वाचनात थांबावंसं वाटलं तिथे फक्त टिंब द्या. दुसऱ्या वाचनात फोकस आणि एक्सपोजर तपासून स्पष्ट बिघडलेल्या फ्रेमवर काट मारा. तिसऱ्या वाचनात टिंबांच्या आगेमागे काय आहे ते बघा. चांगल्या फ्रेमनंतर लगेच दुसऱ्याच विषयाच्या फ्रेम असतील तर तुम्ही तिथून लवकर निघालात. आधी दहा सारख्या फ्रेम असतील तर तुम्ही जागा न बदलता वाट पाहत राहिलात. स्वतःच्या सवयी इतक्या उघडपणे दुसरीकडे कुठेही दिसत नाहीत.

टिंब असलेल्यांपैकी तीस-चाळीस फ्रेम ४ × ६ इंचात स्वस्तातल्या कागदावर छापा आणि जमिनीवर मांडा. स्क्रीनवर ही निवड नीट होत नाही, कारण तिथे एका वेळी एकच फोटो मोठा दिसतो. एकच गोष्ट सांगणारे दोन फोटो शेजारी आणा आणि एक काढा. एकटा सुंदर असून इतर कुणाशीही न बोलणारा फोटो पोर्टफोलिओसाठी बाजूला ठेवा. मालिकेत तो अडथळाच ठरतो.

क्रम लावताना पहिला आणि शेवटचा फोटो आधी ठरवा. शेजारच्या दोन फोटोंत काहीतरी समान असू द्या, एखादा रंग, रेषेची दिशा, हाताची ठेवण, आणि काहीतरी बदलू द्या. सगळंच समान असेल तर कंटाळा येतो. काहीच समान नसेल तर क्रम आकस्मिक वाटतो. जमिनीवरच्या मांडणीचा फोटो काढून वर्कबुकमध्ये लावा, मग मोडा, दुसरी मांडणी करा. आठ जागा असतील आणि सहाच फोटो खरे ठरत असतील तर उरलेल्या दोन जागा भरू नका. पुन्हा शूटला जा.

वर्कबुक आणि टिपण

वर्कबुक म्हणजे सजवलेली वही असा समज आहे. परीक्षकाला त्यात निर्णय शोधायचे असतात. प्रत्येक शूटला अर्धं पान पुरतं: काय अपेक्षित होतं, प्रकाश कुठून होता, सेटिंग काय होतं, काय आलं, पुढच्या वेळी कोणती एक गोष्ट बदलायची. हे त्याच संध्याकाळी लिहा. सेटिंग फाइलमध्ये असतातच, पण दिवा किती अंतरावर होता आणि बोर्ड कोणत्या बाजूला होता हे फाइल सांगत नाही. मोबाइलवर मांडणीचा एक फोटो घेऊन ठेवा.

संशोधन म्हणून छायाचित्रकाराचं जन्मसाल आणि पुरस्कार उतरवून काढू नका. एकच फोटो निवडा आणि तीन प्रश्नांची उत्तरं लिहा: कॅमेरा कुठे आणि किती उंचीवर होता, प्रकाश कुठून आला, फ्रेमबाहेर काय ठेवलं आहे. डोळ्यातलं प्रकाशाचं प्रतिबिंब आणि सावल्यांची दिशा यांवरून बरंच ओळखता येतं. मग त्यातला एकच निर्णय, उदाहरणार्थ कॅमेऱ्याची उंची, आपल्या विषयावर वापरून बघा आणि दोन्ही फोटो शेजारी लावा.

शेवटचं टिपण १५० ते २०० शब्दांचं ठेवा. ‘ही मालिका मानवी अस्तित्वाच्या अथांग एकाकीपणाचा शोध घेते’ हे वाक्य कुठल्याही मालिकेखाली चालतं, म्हणजेच ते या मालिकेबद्दल काहीच सांगत नाही. ‘एकाच खुर्चीवरून, पहाटे सहा ते रात्री दहा या वेळेत, दिवा न लावता हे आठ फोटो घेतले आहेत’ या वाक्यानंतर पाहणारा फोटोंकडे वळतो. जे फोटोत दिसत नाही त्याचा दावा टिपणात करू नका.

प्रिंट आणि फाइल

३०० पिक्सेल प्रतिइंच धरा. ८ × १० इंचाला २४०० × ३००० पिक्सेल लागतात, ए४ ला २४८० × ३५०८. ६००० × ४००० ची फाइल २० × १३.३ इंचांपर्यंत आरामात जाते. कागदाचं प्रमाण आधीच तपासा: ३:२ ची फ्रेम ८ × १० च्या कागदावर काठोकाठ छापली तर लांब बाजूचा सहावा भाग कापला जातो. कापायचं नसेल तर पांढरी किनार सोडा.

‘स्क्रीनवर छान होता, प्रिंट काळा आला’ ही तक्रार बहुतेक वेळा स्क्रीनमुळे असते. ती फार उजळ ठेवलेली असते. ती कमी करा, शक्य असेल तर कॅलिब्रेट करून १०० ते १२० कॅन्डेला प्रति चौरस मीटरवर आणा, आणि पूर्ण आकाराआधी त्याच कागदावर छोटा चाचणी प्रिंट काढा. तो दिवसाच्या प्रकाशात पाहा. इंकजेट प्रिंट काचेआड घालण्याआधी किमान एक दिवस वाळू द्या. स्क्रीनवर द्यायच्या फाइली एसआरजीबी या रंगपद्धतीत द्या. अडोबी आरजीबीची फाइल रंग न सांभाळणाऱ्या प्रोग्रॅममध्ये फिकी दिसते. फाइली पाठवण्यापूर्वी दुसऱ्याच संगणकावर उघडून बघा आणि नावं ब्रीफमध्ये सांगितली आहेत तशीच आहेत ना, ते तपासा.

क्रिटिकला काय करायचं

क्रिटिक म्हणजे वर्गापुढे आपल्या कामावर होणारी चर्चा. तिथे मालिका लावा आणि पहिली पाच मिनिटं बोलू नका. तुम्ही समजावून सांगितलंत की लोक फोटोऐवजी तुमचं म्हणणं पाहू लागतात. कोण काय म्हणालं ते जसंच्या तसं लिहून घ्या, फोटोच्या क्रमांकासह. ‘छान आहे’ असं ऐकू आलं तर विचारा: नजर आधी कुठे गेली? कोणता फोटो काढला तर मालिकेचं काहीच बिघडणार नाही? या दोन प्रश्नांना लोक नेमकं उत्तर देतात.

संध्याकाळी ती यादी घेऊन बसा. एकट्यानेच काढलेली खोट तशीच राहू द्या, आठवड्याने पुन्हा वाचा. तीन जणांनी एकाच फोटोच्या एकाच कोपऱ्याकडे बोट दाखवलं असेल तर तिथे खरंच काहीतरी आहे, त्यांनी सुचवलेला उपाय चुकीचा असला तरी. तो फोटो पुन्हा घेता येण्याजोगा असेल तर जागा, वेळ आणि लेन्स वर्कबुकमध्ये लिहा आणि पुढचा ब्रीफ हातात पडायच्या आत जाऊन घ्या. पोर्टफोलिओत जाणारी आवृत्ती ही असते, जमा केलेली नाही.